शेळीचा शब्द

इंग्रजीच्या मास्तरांचा हुकूमच होता, नवा शब्द घोकायचा नाही, घरच्या वाक्यात वापरायचा. म्हणून अणदूरच्या धनगरवाड्यातली म्हाळसा शेळ्यांशीसुद्धा इंग्रजी बोलायची. एकदा शेळी पाय रोवून उभी राहिली, तेव्हा ती वैतागून म्हणाली, “आये, ही लई ऑब्स्टिनेट हाय!” “म्हंजी काय गं?” “किती बी वढा, जागची हलत न्हाय.” आईनं गोवऱ्या थापता थापता तो शब्द पुटपुटला. रविवारी मामा साखर घेऊन आला, भाचीला सून म्हणून मागायला. बहिणीनं चिमूटभर तोंडात टाकली की सोयरीक पक्की. भावाला नकार द्यायची रीतच नव्हती. आईनं वाटी माघारी सरकवली. “पोरगी मॅट्रिक होईस्तवर न्हाय, दादा.” “माहेर तुटंल,” मामा गुरगुरला. “तुटू द्या. मी बी ऑब्स्टिनेट हाय.” दुसऱ्या दिवशी म्हाळसानं फळ्यावर मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘माय मदर इज ऑब्स्टिनेट.’