गेलेत

सकाळपासून शिगेहारु ओदाशिमा बायकोच्या मागून चालत होता. नोकरी संपवून फुकुओकाहून तो कायमचा घरी आला, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. इतकी वर्षं तो यायचा ते फक्त नववर्षाला, पाहुण्यासारखा. दर शनिवारी फुमिए एकटी फिरायला जाते, हे त्याला आता कळलं होतं. आज तो म्हणाला, “मीही येतो.” बूट चढवता चढवता तिचा हात क्षणभर थांबला.

“या,” ती म्हणाली.

किल्ल्याच्या बागेत पानं झाडणाऱ्या म्हाताऱ्याने झाडू टेकवून तिला वाकून नमस्कार केला आणि शिगेहारुकडे जरा जास्तच निरखून पाहिलं. बागेला लागून साकुरायामाचं देऊळ. तिथे फुमिए रीतीप्रमाणे देवापुढे टाळ्या वाजवून डोळे मिटून उभी राहिली, ती हलेचना.

“एवढं काय मागत होतीस?”

“मागत नाही. सांगते. आठवडा कसा गेला ते.”

नदीपलीकडच्या हाचिमानाच्या देवळात पुजाऱ्याची बायको म्हणाली, “आज सोबत आहे वाटतं,” आणि तोंडावर हात ठेवून आत पळाली. शिगेहारुला गंमत वाटली. आपली बायको सगळ्या मोरिओका गावाच्या ओळखीची, आणि आपल्याला पत्ताच नाही!

दुपार कलल्यावर ती दोघं झाइमोकुचोच्या बाजारात शिरली. शनिवारी तिथे गाड्या बंद करून रस्त्यावरच दुकानं मांडतात. सफरचंदांचे ढीग, खायच्या शेवंतीच्या पिवळ्या पाकळ्या, भाजणाऱ्या मासळीचा धूर.

“आलीस का गं!” लोणचेवाल्या कियोआजीने लांबूनच हाळी दिली. मग शिगेहारु दिसताच तिने हातातला मुळा टोपलीत टाकला. “अगंबाई! घेतलंस म्हणायचं एकदाचं मनावर!”

“काय मनावर?” शिगेहारुने हसून विचारलं.

“लाजताय कशाला? किती वर्षं पाठीस लागलेय मी हिच्या! गेलेल्या माणसाच्या मागे जन्म जाळू नकोस म्हणून. नवरा गेला तेव्हा काही फार वय नव्हतं हिचं.”

म्हातारीचा काहीतरी घोटाळा झालाय, त्याला वाटलं. दुसऱ्याच कुणा बाईशी गल्लत करतेय. त्याने फुमिएकडे पाहिलं. ती वाकून मुळे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

शिगेहारुचं हसू तोंडावरच थिजलं.

“गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये,” शेजारी काडीला टोचलेले मासे फिरवत कियोआजीचा मुलगा तेइजी म्हणाला, “पण नुसता दगड असणार तो माणूस. हिने कधी त्याचं नावसुद्धा काढलं नाही.”

“तू गप्प बस रे! नाव काय हो तुमचं?”

मीच तो. एवढंच म्हणायचं होतं. पण भर बाजारात उभ्या उभ्या आपण जिवंत आहोत हे सांगायचं तरी कसं, ते त्याला सुचेना.

“शिगेहारु,” तो म्हणाला. आडनाव त्याच्याने सांगवलं नाही.

कियोआजीने त्याचा हात मिठाच्या पाण्याने गारठलेल्या आपल्या हातांत घेतला. “बाई सोनं आहे हो. पहिल्याने फार एकटं टाकलं. छपरावरचं बर्फ अंगावर कोसळून हिचा पाय मोडला, तेव्हा या माझ्या तेइजीने पाठीवर घालून नेलं हिला दवाखान्यात. रस्त्याने चालला होता म्हणून, नाहीतर तिथेच गोठली असती. तुम्ही असं करू नका हं.”

शिगेहारुने कमरेत वाकून नमस्कार केला. “नाही करणार,” तो म्हणाला. आवाज आपला नाहीच असं त्याला वाटलं.

दुकानं संपली तिथे येऊन त्याने नदीकाठचा कठडा धरला. 

“मी मेलो कधी?”

“दवाखान्यात,” फुमिए म्हणाली. “मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, कामाला एखादी बाई ठेव.”

“मला आठवत नाही.”

“मला आठवतं.” ती नदीकडे बघत होती. “कियोआजीने विचारलं, यजमान कुठायत तुझे? मी म्हटलं, गेलेत. फुकुओकाला म्हणणार होते पुढे. पण तेवढ्यात तिने मला पोटाशी धरलं. मग मी रडले. इतकी रडले, इतकी रडले, की नंतर खरं सांगायची लाज वाटली.”

“आणि इतकी वर्षं तसंच चालू दिलंस?”

“सोपं होतं हो ते. मेलेल्या माणसाची वाट बघावी लागत नाही.”

रागाने त्याच्या कानशिलांत रक्त चढलं. “चल! आत्ताच्या आत्ता सांगू त्यांना!” तो तरातरा मागे वळला. चार पावलं गेला असेल नसेल, तोच तिकडून तेइजीने त्याला पाहिलं. माशाची काडी उंच धरून, नवरदेवाला चिडवावं तसा तो हसला आणि सगळ्यांना दाखवत हात हलवू लागला. आजूबाजूचे दुकानदारही माना वर करून बघायला लागले. सगळ्यांचे चेहरे आनंदले होते. तिच्यासाठी.

शिगेहारु रस्त्यातच उभा राहिला. मग सावकाश वाकला, नमस्कार केला आणि परत आला.

 फुमिएने मुळ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“पुढच्या शनिवारी,” तो अडखळत म्हणाला, “मी आलो बरोबर, तर चालेल तुला?”

असं काही त्याने तिला आजवर विचारलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“लगेच पुढच्या शनिवारी?” ती म्हणाली. “लोक काय म्हणतील? विधवा बाई मी.”