तीनशे साठ देठ

“तीनशे साठ,” भटजी म्हणाले. “हवं तर मोजून घ्या. कालच येऊरच्या रानातून आणवलेत.”

ओट्यावर पळसाच्या पानांचे देठ जुड्या बांधून ठेवले होते. त्यांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि खाडीकाठी नेऊन अग्नी द्यायचा. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, तो असा मेला असं धरायचं.

“माणसाच्या अंगात हाडं दोनशे सहा असतात,” मधु म्हणाला. “उरलेले एकशे चोपन्न देठ कुणाचे?”

हरिहरकाकांनी कपाळावर हात मारला. “बी.एस्सी. झालास म्हणजे बापाचा बाप झालास का रे?”

मधु कोलशेतच्या एका कारखान्यात रसायनं तपासायचा. तपासल्याशिवाय काही मान्य करायचं नाही, ही सवय तो घरीही घेऊन आला होता. वडिलांबद्दल त्याला खात्रीने माहीत होतं ते थोडंच. त्रेचाळीस साली साधूंच्या एका मेळ्याबरोबर ते हिमालयात निघून गेले. जाताना उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, “संसार माया आहे. मला मुक्ती हवी.” तेव्हा आत चार वर्षांचा रघु, मधुचा धाकटा भाऊ, घटसर्पाने श्वासासाठी झुंजत होता. पाचव्या दिवशी रघु गेला. वडिलांचं पत्र कधी आलं नाही.

आता पंचावन्न साल उजाडलं होतं आणि मधुच्या बहिणीचं, सुहासिनीचं, लग्न ठरत होतं. मुलगा ठाकुर्लीच्या वीजघरात होता. त्याच्या आईने निरोप धाडला होता, मुलीला बाप आहे की नाही ते एकदा ठरवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. काकांनी पंचांग काढून आजचा दिवस धरला. आणि आईने, सुमतीबाईंनी, सरळ नाही म्हटलं.

मधुला याचं फार नवल वाटलं. चातुर्मास, सोवळंओवळं, एकादशी, आई काही म्हणता काही सोडत नसे. फक्त वटपौर्णिमेला वडाला जाणं तिने सत्तेचाळीसपासून बंद केलं होतं, तेही कुणाला काही न सांगता. तिच्या भाबडेपणाच्या भिंतीला पडलेली ती पहिली फट, असं मधु समजत आला होता. आज तर भिंतच पडायला आली होती.

“वहिनी, कुंकवाचा मोह सोडा आता,” काका म्हणाले.

“पुसायचं तर आत्ता पुसते, भाऊजी. त्याला पुतळा कशाला लागतो?”

आई भटजींकडे वळली.

“विधी केलाच नाही, तर काय होतं?”

“जीव अडकून राहतो, बाई. ना इथला, ना तिथला. पुढे गती नाही.”

“किती दिवस?”

“विधी होईपर्यंत.”

“नक्की?”

“शास्त्र आहे. मी पदरचं सांगत नाही.”

“भाऊजींनी केला तर?”

“पोटचा मुलगा धडधाकट असताना? छे. मधुनेच करायला हवा.”

दाराला टेकून मधु मनातल्या मनात हसला. एकेका बरणीला झाकण घट्ट बसवत जावं, तशी आई प्रश्न विचारत होती. प्रयोगशाळेतल्या साहेबांनाही इतकं नीट जमत नसे.

“मग ऐका,” तो म्हणाला, “मी करणार नाही.”

“बहिणीचं लग्न मोडलं तरी?” काका कडाडले.

“नाही मोडत, काका.” सुहासिनी पदराला हात पुसत बाहेर आली. “त्यांच्याशी बोलणं झालंय माझं. त्यांची आई ऐकत नसेल, तर कचेरीत जाऊन सह्या करायच्या. कन्यादान राहिलं तर राहू दे. मी काय गाय आहे, दान द्यायला?”

“बघा, भटजी! ही आमच्या घराण्याची पोरं!”

“बघतोय ना,” भटजी शांतपणे म्हणाले. “देठ ठेवू, की परत नेऊ?”

“न्या,” मधु म्हणाला. “दुसऱ्या घरी लागतील. पण तिथे हाडं मोजून द्या.”

काकांनी टोपी डोक्यावर दाबली. “तिकडे दादा लटकलाय आणि इकडे तुमची थट्टा चाललीय! या घरात मी पुन्हा पाण्याचा घोट घेणार नाही.”

“मग आज चहा घेऊनच जा, भाऊजी,” आई म्हणाली.

ते तरातरा निघून गेले. जुड्या काखोटीला मारून भटजीही गेले. सुहासिनी चुलीकडे वळली. आई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली, तसा मधु तिच्याशेजारी येऊन टेकला.

“आई, आज मला तुझा खरंच अभिमान वाटला.”

“काका पुन्हा येतील तुझ्याकडे. मी नसले की येतील.”

“येऊ देत की.”

“मी मेल्यावरही हा विधी करायचा नाही. तुझ्या मुलांनीही नाही. शब्द दे.”

“दिला. अगं, पानाफुलांचं बाहुलं जाळलं काय नि न जाळलं काय, बाबांना काय फरक पडणार आहे? एवढं तुला उमगलं, यातच सगळं आलं.”

आईने तांदळातला खडा वेचून अंगणात टाकला.

“सत्तेचाळीसच्या वैशाखात हृषीकेशहून पत्र आलं होतं,” ती म्हणाली. “गंगेत वाहून गेले. प्रेत मिळालं नाही. घरी पुतळा करून अग्नी द्या, नाहीतर त्यांना मुक्ती नाही, असं बरोबरच्या साधूने कळवलं होतं. मी ते पत्र चुलीत घातलं.”

तिने आणखी एक खडा वेचला.

“फरक पडतो रे,” आई म्हणाली. “म्हणून तर करायचा नाही.”