बंद दाराआडची शिकवणी

“ढ आहेस, ढ! डोक्यात बटाटे भरलेत नुसते!”

साहेबांनी वही भिरकावली. मुलीने ती उचलली आणि पानं सरळ करत बसली. समोरच्या ताटातलं जेवण तिने सकाळसारखंच नुसतं चिवडून ठेवलं होतं.

विमा कंपनीच्या शाखेत सगळे त्यांना साहेब म्हणत. घरातही तेच चाले.

“आईवर गेलीस,” ते म्हणाले. “तिनेही पदवी अर्धवट सोडली.”

पदवी लग्नासाठी सोडली होती आणि लग्नाची घाई साहेबांनाच होती. बायकोने तो विषय काढला नाही. ती एवढंच म्हणाली, “घरी एक शिकवणीच्या बाई ठेवू या. हल्ली ती जेवत नाही, झोपेत दचकते.”

“नाटकं आहेत. ठेवा बाई!”

बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत जाडजूड पुस्तकं. पाचवीच्या पोरीसाठी एवढं प्रस्थ! साहेबांना हसू आलं.

“शिकवणी चालू असताना खोलीत तुम्ही यायचं नाही,” बाईंनी बजावलं. “आई मात्र शेजारी हवी.”

“घ्या! एकीला येत नाही म्हणून दुसरी बसवा.”

मग रोज संध्याकाळी दार बंद व्हायचं. साहेब बाहेर बातम्यांचा आवाज वाढवून बसायचे. तरी आतलं हसणं ऐकू यायचंच. एकदा तर मुलीचाच आवाज आला, “चुकलं! पुन्हा सांग.”

साहेब कपाळावर हात मारून घेत. ही कसली शिकवणी? पोरगी मास्तरीण झालीय आणि मास्तरीण मान खाली घालून ऐकतेय! ऑफिसात त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. हाताखालचे लोक हसले. त्यांना हसावंच लागे.

मुलगी पोटभर जेवू लागली. ते साहेबांच्या लक्षात आलं नाही. भाजी लवकर संपते, एवढं आलं.

वसंतात बायको दुपारी आजारी मावशीकडे जाते म्हणून बाहेर पडू लागली. “जा,” साहेब म्हणाले, “नाहीतरी घरात तुझा उजेड काय पडतोय?”

मग मुलीचा निकाल लागला. सगळ्या विषयांत पास. पहिली नाही, दुसरी नाही, नुसती पास.

त्या संध्याकाळी साहेबांनी बाईंना दारातच अडवलं. मागे बायको आणि मुलगी उभ्या होत्या.

“वर्षभर काय शिकवलंत हिला?”

“हिला? काहीच नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “ओरडणारं कुणी जवळ नसलं की तिचं तिला येतं.”

“मग आत बसून काय करत होतात? लाज नाही वाटत?”

“त्यांच्यावर कशाला ओरडता?” बायको पुढे आली. “बाई मला शिकवत होत्या. दुपारी मावशीकडे म्हणून जायचे, ती परीक्षेला. पदवी पूर्ण झाली माझी. नोकरीही लागली, एका मुलींच्या शाळेच्या ऑफिसात.”

साहेब खो खो हसले. “तुला? बरं, कुठे आहे ही शाळा?”

“लांब आहे. रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं नाही.”

“मग राहणार कुठे, बाकावर?”

“शाळेच्या आवारातच खोली मिळालीय,” बायको म्हणाली. “आम्हा दोघींना पुरेल.”