पहिलं बदक

लुर्दिसने पोत्यातल्या खेळण्यांमधलं पहिलं बदक काढलं, नाकाशी नेलं आणि लगेच हात लांब केला.

बालवाडीच्या अंगणात मुलं रांगेत उभी होती. डोक्यावर कागदी चांदण्या, नजर पोत्यावर. गावचा कॅप्टन, म्हणजे गावप्रमुख, अर्तेमियो, सगळ्यांचा 'कॅप', नाताळबाबाची लाल टोपी घालून घाम पुसत होता. त्याचा कारकून फोन वर धरून फोटोसाठी तयार होता.

"टीचर, वाटा ना," कॅप म्हणाला. "हुंगताय काय? खाऊ नाहीये तो."

"या वयात सगळा खाऊच असतो, कॅप. हातात आलं की तोंडात."

तिने रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं आणि बदकाची चोच पुसली. रुमाल लाल झाला. बदक ज्या खोक्यात आलं होतं तो उलटासुलटा करून पाहिला. बनवणाऱ्याचं नाव नाही, परवान्याचा नंबर नाही, किती वर्षांच्या मुलाने खेळायचं तेही नाही.

"धर्माची गाय, आणि ही दात मोजत बसलीय," मागून बेबिंग पुटपुटली. तिची दोन्ही मुलं रांगेत होती. आजूबाजूच्या बायका हसल्या.

कॅप मात्र हसला नाही. "काल शेजारच्या गावात हीच वाटली. तिथे कुणाची तक्रार नाही."

"तिथे कुणी ओल्या फडक्याने पुसून पाहिलं नसेल."

"म्हणजे मी पोरांना विष वाटतोय?"

लुर्दिसने लाल झालेला रुमाल त्याच्यासमोर धरला. "तसं मी म्हटलं नाही. या रंगात काय आहे ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. रांगेत पहिली तुमची नात आहे. तिला तुमच्या हाताने द्या, मग बाकीच्यांचं बघू."

तिने बदक त्याच्या हातात ठेवलं.

जिलीन दोन वर्षांची, मोठ्या बहिणीचं बोट धरून आलेली. लोलोच्या, आपल्या आजोबांच्या, हातात बदक दिसताच तिने दोन्ही हातांनी ते ओढून घेतलं आणि चोच सरळ तोंडात घातली.

लुर्दिस पुढे झाली, पण त्याआधी कॅपचा हात पोचला होता. त्याने बदक हिसकावलं. जिलीनने भोकाड पसरलं. कॅपने तिचे ओठ अंगठ्याने पुसले आणि अंगठा उजेडात धरून पाहिला. मग डोक्यावरची टोपी काढली.

"फोटो राहू दे," तो कारकुनाला म्हणाला. "पोतं बांध. माझ्या गाडीत टाक."

"शेजारच्या गावात निरोप पाठवू, कॅप?"

"निरोप नको. दुपारी मी स्वतः जातो." मग तो लुर्दिसकडे वळला. "आणि ही पोरं? नाताळाला रिकाम्या हाताने घरी धाडायची?"

"तुमच्या बोटींच्या शेडमध्ये लाकडाचे तुकडे पडतात, त्यांचं काय करता?"

"चुलीत जातात."

"आज नको. ते इथे आणा. अख्ख्या लाकडाचे, प्लायवूडचे नकोत, डांबर लागलेले नकोत. पोरांच्या मुठीत पुरते मावतील इतके लहानही नकोत. कडा चांगल्या घासायच्या. रंग नाही, वॉर्निश नाही. फार तर खोबरेलाचं बोट."

कॅपने मान हलवली. "लोक हसतील, टीचर. कॅपने नाताळाला सरपण वाटलं म्हणतील."

"म्हणू देत. पोरं चावतील आणि मला धास्ती नसेल."

शेड रस्त्यापलीकडेच होती. दोन सुतार टोपल्या भरून तुकडे घेऊन आले, सोबत पॉलिश पेपर. लुर्दिसने मुलांना गाणी म्हणायला लावली, गोड स्पगेटीच्या ताटल्या फिरवल्या. बेबिंगने एक पॉलिश पेपर उचलला आणि मांडी घालून बसली. मग बाकीच्या बायकाही बसल्या. अंगणभर लाकडाचा ताजा वास पसरला.

कॅप बालवाडीच्या बुटक्या खुर्चीत बसला होता, गुडघे हनुवटीला टेकलेले. ठोकळ्याची एकेक कड तो आपल्या गालावरून फिरवत होता. समोर जिलीन, हात पसरून.

एका कोपऱ्याशी तो थांबला. पुन्हा पॉलिश पेपर घेतला.

"थांब, इंदाय," तो नातीला लाडाने म्हणाला. "अजून टोचतंय."

तिच्यामागे रांग वाढत गेली. कुणीही घाई करा म्हटलं नाही.