वळणातलं पाणी

माझ्या धाकट्या जावेची मुलगी सासरी गेली, त्या वर्षी कीटकनाशकाचा टँकर पुलावरून खाडीत कोसळला. मासे तरंगले. पुढे पाणी नितळ दिसू लागलं, तरी पाणी तपासणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन गावात आली.

"काकी, खाडीच्या मुखाजवळचं पाणी बदलून स्वच्छ झालंय," ती जावेला म्हणाली. "पण इथल्या वळणातलं विषारी पाणी ओहोटीला थोडं खाली सरकतं आणि भरतीला तेच परत येतं. अमावास्येच्या उधाणातच ते समुद्रात जाईल. तोवर इथल्या शिंपल्या, तिसऱ्या खाऊ नका."

"समुद्र रोज दोनदा खाडी धुतो गो बाय," जाऊ म्हणाली. "तुझ्या कंप्युटरला भरती कोणी शिकवली?" आम्ही सगळ्या हसलो.

जावई पहिल्यांदाच जेवायला येणार होता आणि त्याला तिसऱ्या आवडायच्या. वद्य दशमीला सकाळी जावेने वळणातून टोपलीभर आणल्या, वाटण लावून शिजवल्या आणि चुलीपाशीच वाटीभर खाल्ल्या.

"जावयाआधी सासूच जेवली!" मी चिडवलं.

ती हसली नाही. "त्या पोरीचं बोलणं डोक्यातून जात नाही. दुपारपर्यंत मला काही झालं नाही, तरच त्याला वाढ."

दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. "आधी टोप पुरून टाक," एवढंच ती मला म्हणाली. जावई दारात आला तो तसाच तिला उचलून रिक्षाकडे धावला.

माझी जाऊ वैजयंता त्याच दशमीला, दिवेलागणीच्या आधीच, तालुक्याच्या दवाखान्याच्या वाटेवर वारली.