बांबूवरून गेलेला चेंडू

दशरथने पेनल्टीसाठी चेंडू ठेवला, तेव्हाच नवघरची पोरं नाचायला लागली होती. त्यांचं काही चुकत नव्हतं. कप्तानाची पेनल्टी हुकलेली आजवर कुणी पाहिली नव्हती.

त्र्याण्णव सालच्या पंचक्रोशी शील्डचा हा अंतिम सामना, पाली विरुद्ध नवघर. जो जिंकेल त्याने पुढच्या वर्षी आपल्या गावात स्पर्धा भरवायची, ही या शील्डची रीत. गेल्या वर्षी काशीमीरा जिंकलं, म्हणून सामना तिथल्या मैदानावर. ते मैदानही आता जाणार होतं; कडेला नव्या गोदामाचे खांब उभे राहिले होते. एकेक गोल झाला होता, शिट्टी वाजायला आली होती. बरोबरी राहिली तर ज्यांचे कॉर्नर जास्त ते जिंकणार, आणि कॉर्नर पालीचे जास्त होते. म्हणजे चेंडू आत गेला तर नवघर, हुकला तर पाली. इतकं सोपं.

दशरथला ती शील्ड हवी होती. मिसरूड फुटल्यापासून तो तिच्यामागे धावत होता आणि आता गुडघा कुरकुरायला लागला होता. पण सकाळीच काकांनी त्याला बाजूला घेतलं होतं. "आपल्या मैदानाचा व्यवहार झालाय. दिवाळीनंतर बिल्डिंगचं काम सुरू. पोरांना आत्ताच बोलू नको, खेळू दे." मग नवघर जिंकलं तर पुढच्या वर्षी खेळायचं कुठे, गच्चीवर? पालीकडे मात्र मैदान होतं, चांगलं ऐसपैस, समुद्राकाठचं. शील्ड जगायची तर ती पालीलाच जायला हवी, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

गोलमध्ये पालीचा इनास उभा होता. बोटीवर जाळी ओढून दंड कमावलेला, त्याच्या हातून चेंडू निसटणं कठीण. दशरथने त्याच्याकडे पाहिलंही नाही. धावत आला आणि चेंडू असा उडवला की तो गोलच्या आडव्या बांबूवरून थेट हायवेकडे गेला. हुकवावी तर अशी, ऐटीत.

शिट्टी झाली. नवघरच्या पोरांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याने तो खुशाल ऐकून घेतला. आयुष्यात इतका चांगला शॉट आपण मारलाच नव्हता, असं त्याला मनापासून वाटत होतं. छाती काढून तो इनासकडे निघाला.

इनास गोलच्या डाव्या बांबूपाशी मातीत तसाच पडून होता. दशरथचा पाय चेंडूला लागायच्या आधीच त्याने तिकडे उडी टाकली होती.

"ऊठ रे, जिंकलात तुम्ही. पुढच्या वर्षी तुमच्याकडे येतोय आम्ही."

इनासने डोकं वर केलं. जिंकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"कुठं येशील? आमचं मैदान परवाच इकलं, बंगले होनार हाय तिथं," तो म्हणाला. "म्हनून तर तुला आख्खा गोल मोकला सोडला व्हता!"