लाल ठिपक्यावरचं बटण

"मावशी, बटण परत हललंय," दादा दारातच म्हणाले.

मावशींनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. "मी ठिपक्यावर आणूनच गेले होते हो, दादा."

"काल पिक्चर लावला तर पुढचे दोन स्पीकर नुसते बोंबलत होते. महिन्यातली तिसरी वेळ ही. आम्ही दोघं ऑफिसात असतो, आणि बाबा..." दादांनी खिडकीकडे पाहिलं.

खिडकीपाशी आजोबा खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. ते बाहेर बघण्यात गढून गेले होते. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या बटणाची भानगड अशी होती. आजोबांचा जुना स्टिरिओ प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डचा आवाज कमी-जास्त करणारी पेटी, जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाने पारखून घेतलेला. दादांचं नवं होम थिएटर, पाच स्पीकरचं. हॉल मात्र एकच आणि पुढच्या मोठ्या स्पीकरांची जोडीही एकच. बापलेकांपैकी कोणी माघार घेईना. शेवटी मेकॅनिकने तोड काढली. होम थिएटरमधून निघालेला पुढच्या दोन स्पीकरांचा आवाज आधी आजोबांच्या प्रीअँपमध्ये जाणार आणि मग स्पीकरात. रेकॉर्ड ऐकताना प्रीअँपचं बटण हवं तसं फिरवावं. पिक्चर बघताना मात्र ते एका ठरलेल्या जागी हवं, नाहीतर पाचांचा मेळ बिघडलाच. ती जागा त्याने दादांच्या बायकोच्या, ताईंच्या, नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन पक्की केली. सासरे खूश, सून खूश, मुलाच्या डोक्याचा ताप गेला.

मग आजोबा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मावशी कामाला लागल्या, आजोबा चालायला लागेपर्यंतच्या बोलीवर. याला आठ महिने झाले. हाड कधीच जुळलं होतं. व्यायाम घ्यायला येणारा डॉक्टर दर आठवड्याला म्हणे, "पायात काही दोष नाही, मनात भीती बसलीय." आजोबा त्याच्यापुढे एक पाऊल टाकत आणि दुसऱ्याला "आई गं" करून खुर्चीत बसत.

मावशी मनातल्या मनात त्या खुब्याचे आभार मानत आणि लगेच स्वतःला दटावत. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपलं घर चालावं, हे काही बरं नाही. पण मुलीचं लॅबोरेटरीचं शिक्षण शेवटाला आलं होतं. तिला नोकरी लागेपर्यंत हे काम टिकायला हवं होतं. शिवाय घर असं की नावं ठेवायला जागा नाही. ताईंनी मुलीला अभ्यासाचं टेबल दिलं होतं. दुपारी तीनला मावशी रेकॉर्ड लावत, तेव्हा आजोबा त्यांना शेजारी बसवून घेत आणि विचारत, "कसं वाटलं?" इतक्या वर्षांत मावशींना कशाबद्दलही हे कोणी विचारलं नव्हतं.

पाचला त्या बटण ठिपक्यावर आणत, आजोबांच्या हाताशी फोन आणि पाण्याची बाटली ठेवत आणि निघत. सहाला दादा येईपर्यंत घरात आजोबा एकटेच.

"हे बघा," दादा चाचरत म्हणाले. त्यांना रागावता येत नसे, त्यामुळे ते जास्तच लागायचं. "त्या स्पीकरांचं काही झालं तर परत मिळणार नाहीत. पुन्हा असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

ते गेल्यावर मावशी ओट्याशी उभं राहून रडल्या. मग तोंड धुऊन आजोबांसाठी चहा घेऊन आल्या.

"माझं वय झालं बहुतेक," त्या म्हणाल्या. "ठिपक्यावर आणते असं वाटतं आणि आणत नसेन. मुलीचं होईपर्यंत तरी हे काम जायला नको."

आजोबांनी चहा हातात धरून ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. "मुलाखत कधी आहे तिची?"

"पंधरा दिवसांनी."

"हं," आजोबा म्हणाले आणि चहा प्यायचा विसरले.

त्या दिवसापासून मावशी निघताना बटण तीनतीनदा तपासू लागल्या. एकदा तर लिफ्टपर्यंत जाऊन परत आल्या. खुर्चीत आजोबा एकदम दचकले. बटण मात्र ठिपक्यावर होतं. पंधरा दिवस ते केसभर हललं नाही. "बघा, लक्ष दिलं की होतं," दादा म्हणाले, आणि मावशींना त्या लाल ठिपक्याला हात जोडावेसे वाटले.

रविवारी मावशींची सुट्टी. तरी त्या आल्या, मुलीला आणि केकचा डबा घेऊन. दादा-ताईंनी पिक्चर थांबवला.

"हिला हॉस्पिटलात नोकरी लागली," मावशी म्हणाल्या आणि केकचा डबा ताईंच्या हातात दिला. मुलगी सगळ्यांच्या पाया पडली. ताईंनी तिला जवळ घेतलं. दादा बटणावरून बोलल्याबद्दल काहीतरी पुटपुटले. "तुम्हा सगळ्यांमुळे झालं हो," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "हे काम होतं म्हणून झालं."

"कायमची आहे ना नोकरी?" आजोबांनी खिडकीपासून विचारलं.

"कायमची."

"पत्र हातात आलं? सही झाली?"

"झाली आजोबा," मुलगी म्हणाली. "उद्यापासून हजर."

"छान झालं." आजोबांनी शालीची घडी घातली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि उठले. कुठेही न धरता ते हॉल ओलांडून प्रीअँपच्या कपाटापाशी गेले, सवयीच्या हाताने बटण ठिपक्यावरून फिरवलं आणि एक रेकॉर्ड काढली.

"बसा मावशी," ते म्हणाले. "आज मी लावतो."